मेगिद्दोची फरसबंदी

आमच्या धर्मग्रामाच्या जुबिलीची ही स्मरणिका काढण्याचें ठरलें, तेव्हां तींत इतिहासविषयक एखादा लेख आम्हीं लिहावा, अशी आज्ञा पूज्य फादरांनीं केली. आपल्या देवालयाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कशी आली, शाळा कोणीं काढली, या गोष्टी अधिक अधिकारी लेखणींनीं याच अंकांत सांगितल्या आहेत. आम्ही वाचकांस जरा दूरच्या वाटेनें नेणार आहों. ती वाट अमेरिकेंतील एका वस्तुसंग्रहालयांतून निघून पवित्र भूमींतील तिसऱ्या शतकांत जाते. तरी तिचा शेवट आपल्याच देवालयाच्या उंबरठ्यावर होतो, असें शेवटीं दिसून येईल.

लेखाखेरीज आणखी एक काम जुबिली-समितीनें आमच्या माथीं घातलें होतें. देवालयाच्या दाराशीं संगमरवराची एक पाटी बसवावयाची, तीवर देवालयाच्या उभारणीस ज्यांनीं हातभार लावला त्यांचीं नांवें कोरावयाचीं, आणि त्या नांवांची यादी आम्हीं करावयाची. काम प्रथम सोपें वाटलें. परंतु जुनी वही उघडून बसलों, तों अडचण पुढें आली. ज्यांनीं रोकड दिली त्यांचीं नांवें वहींत होतीं. ज्यांनीं पायलीभर तांदूळ दिले, बैलगाडी दिली, डोक्यावरून वाळू वाहिली, त्यांच्यासाठीं वहींत रकानाच नव्हता. शिवाय पाटीवर जागा थोडी. तेव्हां अमुक रकमेच्या खालचीं नांवें गाळावीं, असें आम्हींच सुचविलें व तें सर्वांस पटलें. अशी ती यादी अर्धी झाली असतां, इ. स. २०२५ च्या प्रारंभीं, आम्ही आमच्या चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों. आणि तेथें सुमारें अठराशें वर्षांपूर्वींची, अशाच एका कामाची दुसरी यादी आमच्या दृष्टीस पडली.

वॉशिंग्टन शहरीं, अमेरिकेच्या संसदभवनापासून थोड्या अंतरावर, इ. स. २०१७ मध्यें उघडलेलें बायबलचें एक मोठें वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या दाराशीं सुमारें ४० फूट उंचीचे दोन धातूचे पट उभे असून, गुटेनबर्गनें छापलेल्या लॅटिन बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्यांवर छापखान्यांतील खिळ्यांप्रमाणें उलट्या अक्षरांत उठविलेला आहे. आंतील दालनें पाहण्यास एक दिवस पुरत नाहीं. आम्हीही दोन प्रहरपर्यंत हिंडून थकलों होतों, आणि आतां कोठें टेकावयास जागा मिळेल तर बरें, असें मनांत येत असतांनाच, जिच्यापुढें पाहणाऱ्यांचा आवाज आपोआप खालीं आला होता अशा एका वस्तूपाशीं येऊन पोंचलों. ती वस्तु म्हणजे एक जुनी जमीन होती. इस्राएलच्या पुराणवस्तु-खात्याकडून उसनी आणलेली मेगिद्दोची मोझेक फरसबंदी इ. स. २०२४ च्या सप्टेंबरपासून कांहीं काळ तेथें मांडण्यांत आली होती.

मोझेक हा शब्द आपल्या घरांतील लाद्यांमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या लाद्या दगडाचा चुरा सिमेंटांत कालवून व वरून घांसून केलेल्या असतात. प्राचीन रोमी मोझेकची रीत निराळी होती. प्रथम जमीन ठोकून तीवर दगडगोट्यांचा थर देत. त्यावर चुना व फुटक्या विटाखापऱ्यांचा जाड थर. त्याहीवर बारीक चुन्याचा मऊ थर. हा शेवटचा थर ओला असतांनाच, बोटाच्या पेराहून लहान असे दगडाचे चौकोनी खडे एकेक करून त्यांत बसवीत. चुना सुकण्यापूर्वीं जेवढें काम उरकेल तेवढाच भाग एका वेळीं घ्यावयाचा. चुकलेली रेघ रंगाप्रमाणें पुसून काढतां येत नसे. अशा रीतीनें केलेली जमीन शतकानुशतकें टिकते. कारण तिचा रंग वरून दिलेला नसतो, दगडाच्या अंगचाच असतो.

आम्हीं पाहिलेली ही फरसबंदी सुमारें ५४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५८० चौरस फूट आहे. तिचे निरनिराळे पट असून, मध्यभागीं जेथें एक मेज उभें होतें त्याच्या बैठकीभोंवतीं ते मांडलेले आहेत. पटांतून भौमितिक आकृति आहेत, आणि एका पटाच्या मधोमध वर्तुळांत दोन मासे आहेत. देवदूत नाहींत, संतांच्या मूर्ति नाहींत. क्रुसाचें चिन्हही त्या काळीं ख्रिस्ती लोक क्वचितच काढीत. मासा हीच त्यांची जुनी खूण होती, कारण मासा या अर्थाच्या ग्रीक शब्दाचीं पांच अक्षरें घेतलीं असतां येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा, या शब्दांचीं आद्याक्षरें जुळतात. राजवाड्यांतील मोझेक ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही कारागिरी साधी वाटेल. परंतु त्या खड्यांत ग्रीक भाषेचे तीन लेख बसविलेले आहेत, आणि त्या तीन लेखांमुळें ही जमीन साऱ्या ख्रिस्ती जगाच्या आदरास पात्र झाली आहे. ते लेख वाचण्यापूर्वीं ती कोठून आली तें सांगितलें पाहिजे.

मेगिद्दो हें नांव बायबलच्या वाचकांस अनोळखी नाहीं. गालिलाच्या दक्षिणेस इज्रेलचें सुपीक खोरें पसरलें आहे, आणि त्याच्या कडेस, मिसर देशाहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्राचीन राजमार्गावर, मेगिद्दोचें पांढरीचें टेकाड उभें आहे. योशीया राजा येथेंच पडला. प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील हर्मगिदोन म्हणजे मेगिद्दोचा डोंगर, असा त्या शब्दाचा अर्थ लावतात. इ. स. १९१८ च्या सप्टेंबरांत जनरल ॲलनबी यांच्या सैन्यानें तुर्कांचा पराभव केला, ती लढाई याच नांवानें ओळखली जाते, व तींत हिंदी घोडदळानें मोठा पराक्रम केला.

या टेकाडाच्या जवळच रोमी सम्राटांनीं इ. स. च्या दुसऱ्या शतकांत आपल्या सहाव्या पलटणीची छावणी वसविली. लॅटिन भाषेंत पलटणीस लेजिओ म्हणतात. तोच शब्द पुढें त्या जागेचें नांव झाला, आणि छावणी नाहींशी झाल्यावरही तेथील अरबी खेड्याच्या लज्जून या नांवांत तो विसाव्या शतकापर्यंत राहिला. छावणीच्या शेजारीं केफर ओथनाय नांवाचें गांव होतें व तेथें यहुदी आणि शोमरोनी लोकांची वस्ती होती. अशा प्रकारें शिपाई, यहुदी, शोमरोनी आणि त्यांच्याच शेजारीं थोडेसे ख्रिस्ती लोक एकाच गांवांत नांदत होते.

आतां हें स्थान सांपडलें तें मोठ्या विलक्षण रीतीनें. मेगिद्दो येथें एक तुरुंग आहे. त्याचा विस्तार करण्याचें ठरल्यावर, बांधकामापूर्वीं जमिनीची तपासणी करण्याच्या नियमानुसार, पुराणवस्तु-खात्यानें आवारांत खोदकाम चालविलें. त्यावर देखरेख योताम तेप्पेर या संशोधकाची होती, व खोदण्यास बंदिवान लावलेले होते. इ. स. २००५ मध्यें या बंदिवानांच्या हातांखालीं फरसबंदीचे खडे दिसूं लागले. तुरुंगाच्या भिंतींआड, शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या खराट्यानें व पाण्यानें प्रभूचें नांव पुन्हां उजेडांत आलें. बंदिशाळेंतल्या माणसांची भेट घेण्यास ज्या प्रभूनें आपल्या शिष्यांस सांगितलें, तोच आपण होऊन त्यांच्या भेटीस आला, असें एखाद्या भाविकानें म्हटलें, तर त्यास कोण नाहीं म्हणेल?

ही जमीन एका मोठ्या घरांतील दिवाणखान्याची होती. त्याच वास्तूंत पावांवर उठविण्याचे ठसे सांपडले, त्यावरून तिचा लष्कराशीं संबंध होता असें समजतात. नाणीं, मडक्यांचे तुकडे आणि अक्षरांचें वळण यांवरून उत्खननकर्त्यांनीं फरसबंदीचा काळ इ. स. २३० च्या सुमाराचा ठरविला. कांहीं पंडित हा काळ आणखी पुढें नेतात, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु पहिलें मत ग्राह्य धरल्यास, ख्रिस्ती उपासनेसाठीं वापरलेल्या ज्या अत्यंत प्राचीन वास्तु आज ज्ञात आहेत, त्यांत हिची गणना होते. तिच्या जोडीस बसेल असें दुसरें स्थळ म्हणजे सिरियांतील फरात नदीवरचें दूरा-युरोपस. तेंही लष्करी ठाणें होतें, तेथेंही एका राहत्या घराचेंच प्रार्थनागृह केलेलें होतें, इ. स. १९३१-३२ च्या हंगामांत तें उजेडांत आलें, व त्याच्या भिंतींवरील चित्रें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत नेण्यांत आलीं.

तिसऱ्या शतकांत ख्रिस्ती धर्मास राजमान्यता नव्हती. ती इ. स. ३१३ मध्यें मिळाली. तोंवर मोठीं देवालयें क्वचितच होतीं. भाविक एखाद्या बंधूच्या घरीं जमत, प्रभूच्या मेजाभोंवतीं उभे राहत, आणि पुन्हां आपापल्या कामास जात. अशा काळांत ज्यानें ही जमीन करविली त्याचें नांव पहिल्या लेखांत आहे. पोर्फिरियस असेंही ज्यास म्हणत तो गायानस, शतपति, आमचा बंधु, यानें उदारबुद्धीनें स्वखर्चानें ही फरसबंदी करविली. काम ब्रुटियसनें केलें. एवढाच त्या लेखाचा आशय आहे.

शतपति म्हणजे रोमी सैन्यांतील सुमारें ऐंशी शिपायांवरील अंमलदार. शुभवर्तमानांत कफर्णहूमच्या शतपतीची श्रद्धा पाहून प्रभूस नवल वाटलें. प्रेषितांच्या कृत्यांत कैसरियाच्या कर्नेल्य शतपतीचा बाप्तिस्मा वर्णिला आहे. परंतु गायानसच्या काळीं ख्रिस्ती माणसानें सैन्यांत असावें कीं नसावें, याविषयीं धर्मसभेंतच एकमत नव्हतें. आफ्रिकेंतील तेर्तुलियन याचें मत शिपाईगिरीच्या साफ विरुद्ध होतें. आणि धोकाही थोडा नव्हता. मेगिद्दोपासून कैसरिया कांहीं कोसांवर. तेथें इ. स. २६० च्या सुमारास मारिनस नांवाच्या सैनिकास शतपतीचें पद मिळावयाचें होतें. तोंच एका प्रतिस्पर्ध्यानें तो ख्रिस्ती असल्याची चुगली केली. विचार करण्यास त्यास तीन तासांची मुदत मिळाली. तेवढ्यांत कैसरियाचे बिशप थेओतेक्नस यांनीं त्याचा हात धरून त्यास देवालयांत वेदीपाशीं नेलें, एकीकडे त्याच्या कमरेची तरवार व दुसरीकडे शुभवर्तमानाचें पुस्तक दाखविलें, आणि दोहोंपैकीं एक निवडण्यास सांगितलें. मारिनसनें उजवा हात पुढें करून पुस्तक घेतलें, आणि त्याच दिवशीं तो रक्तसाक्षी झाला. हा वृत्तांत इतिहासकार युसेबियस यानें लिहून ठेवला आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे गायानसनें आपल्या नांवापुढें शतपति हें पद आणि बंधु हें नातें हीं दोन्ही एकाच ओळींत बसविण्यास संमति दिली, त्यांतलें धैर्य कळतें. त्या ओळींत ब्रुटियस या कारागिराचेंही नांव आहे, याकडे मात्र आमचें लक्ष प्रथम गेलें नाहीं. तें पुढें गेलें.

दुसरा लेख त्या मेजाविषयीं आहे. देवप्रिय अकेप्तूस हिनें हें मेज देव येशू ख्रिस्तास स्मरणार्थ अर्पण केलें, असें तो सांगतो. देव, येशू, ख्रिस्त हे तीन शब्द तेथें पूर्ण लिहिलेले नाहींत. प्रत्येकाचें पहिलें व शेवटचें अक्षर घेऊन वर एक आडवी रेघ दिली आहे. पवित्र नांवें अशा आदरपूर्वक संक्षेपानें लिहिण्याची रीत प्राचीन ख्रिस्ती हस्तलिखितांतून सर्वत्र दिसते. येथें ती दगडाच्या खड्यांत उतरली आहे. ज्या मेजाभोंवतीं ख्रिस्तप्रसादाचा विधि होई, त्याची बैठक अद्यापि दिसते. लेखांत त्यास मेजच म्हटलें आहे; घरांत जेवावयाचें असतें तेंच साधें नांव.

या एका ओळीचें महत्त्व कशांत आहे? निसेआ येथील धर्मपरिषद इ. स. ३२५ मध्यें भरली, आणि तिला इ. स. २०२५ मध्यें १७०० वर्षें पूर्ण झालीं. येशू हा केवळ एक थोर गुरु होता, त्यास देव ठरविलें तें या परिषदेनें, सम्राटाच्या धाकानें व बहुमतानें, असें म्हणणारीं पुस्तकें अलीकडे पुष्कळ खपलीं, आणि आपल्याही कांहीं तरुणांच्या मनांत त्यांनीं संशय पेरला. अशा तरुणानें मेगिद्दोची ही ओळ वाचावी. परिषदेपूर्वीं, सम्राटाचें पाठबळ मिळण्यापूर्वीं, एका खेड्यांतील एक बाई येशूस देव म्हणून मेज अर्पण करीत होती. ही गोष्ट एकटीही नाहीं. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानें सम्राट त्राजानास कळविलें होतें कीं, ख्रिस्ती लोक पहांटे जमून ख्रिस्तास देव मानून स्तोत्रें गातात. दगडाचे खडे धर्मसिद्धान्त सिद्ध करूं शकत नाहींत. श्रद्धा ही पुराव्यावर मोजावयाची वस्तु नव्हे. परंतु लोक काय मानीत होते, याची साक्ष ते नि:संशय देतात. निसेआ येथील पित्यांनीं नवा देव निर्माण केला नाहीं. अकेप्तूसच्या मेजाभोंवतीं जी श्रद्धा होती तिला त्यांनीं नेमके शब्द दिले.

येथें वाचक विचारील कीं, प्रभूचें नांव जमिनीवर कसें घातलें? तें पायांखालीं येत नसेल काय? ही शंका पुढील काळच्या लोकांसही आली. इ. स. ४२७ मध्यें सम्राट दुसरा थेओडोसियस यानें ख्रिस्ताचें चिन्ह जमिनीवर कोरण्यास वा काढण्यास कायद्यानें मनाई केली. मेगिद्दोचे लोक त्यापूर्वींचे. त्यांच्या घरांत जमीन हीच मानाची जागा होती, आणि कदाचित् त्या ओळींभोंवतीं ते पाऊल जपूनही टाकीत असतील.

तिसरा लेख सर्वांत लहान आहे, आणि आम्हांस तेथून हलूं दिलें नाहीं तें त्यानें. प्रिमिला, किरियाका, दोरोथेआ आणि त्यांबरोबर ख्रेस्ते, यांची आठवण ठेवा. बस्स, एवढेंच. त्यांनीं काय केलें? पैसा दिला? आजाऱ्यांची सेवा केली? प्रभूसाठीं प्राण दिला? लेख कांहीं सांगत नाहीं. त्यांच्या नांवांपुढें नवऱ्याचें नांव नाहीं, बापाचें नाहीं, पद नाहीं, रक्कम नाहीं. शतपतीच्या दानाचा हेतु सांगितला आहे, मेजाचा हेतु सांगितला आहे. या चौघींच्या बाबतींत केवळ आठवण ठेवण्याची विनंति आहे. ज्यांनीं ती जमीन घातली त्यांस कारण लिहिण्याची गरज वाटली नाहीं. गांवांत तें सर्वांस ठाऊक होतें.

वर ज्या प्लिनीचा उल्लेख केला, त्यानें त्याच पत्रांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ख्रिस्ती लोकांचें गुपित काढण्यासाठीं त्यानें दोन दासींचा छळ केला. त्या दासींस त्यांचे लोक सेविका म्हणत, असेंही तो सांगतो. त्यांचीं नांवें लिहावीं असें मात्र त्यास वाटलें नाहीं. सुभेदाराच्या दफ्तरांत ख्रिस्ती बाया निनांवी राहिल्या. प्रार्थनागृहाच्या जमिनींत पांच जणींचीं नांवें दगडानें लिहिलीं गेलीं. राज्याची यादी आणि धर्मसभेची यादी यांतलें अंतर आम्हांस त्या दिवशीं कळलें.

आपल्या मिस्साबलिदानांतही हीच रीत चालत आली आहे. प्राचीन रोमी प्रार्थनेंत जिवंतांची व मृतांची आठवण करण्यासाठीं याजक क्षणभर थांबतो, आणि त्याच प्रार्थनेंत पेर्पेतुआ, फेलिसितास, आगाथा, लुसिया, आग्नेस, सेसिलिया, आनास्तासिया या साध्वींचीं नांवें घेतलीं जातात. पेर्पेतुआ खानदानी घराण्यांतली, फेलिसितास दासी, दोघी इ. स. २०३ मध्यें कार्थेज येथें एकाच रिंगणांत रक्तसाक्षी झाल्या, आणि वेदीवर त्यांचीं नांवें आजही शेजारींशेजारीं उभीं आहेत. मेगिद्दोचे लोक हीं नांवें खड्यांनीं लिहीत होते, तेव्हां या दोघींच्या मरणास तीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

पुढें त्या वास्तूचें काय झालें? रोमी पलटण तेथून हलली, आणि हळूहळू तें घरही ओस पडलें. सोडून जाण्यापूर्वीं ती जमीन मुद्दाम झांकून ठेवली असावी, असें मत मांडण्यांत आलें आहे. आणि झांकलेली होती म्हणूनच ती इतकी शाबूत राहिली. ती उचलून परदेशीं न्यावी कीं नाहीं, यावरही अलीकडे मोठा वाद झाला. जी वस्तु जेथें निर्माण झाली तेथेंच तिचा अर्थ पुरतेपणीं कळतो, असें अनेक पुराणवस्तु-पंडितांचें म्हणणें पडलें. हें म्हणणें आम्हांसही पटतें. विजेच्या दिव्यांत, हजारों कोसांवर, ती जमीन पाहतांना आमच्या मनांत कृतज्ञतेबरोबरच थोडी हुरहूरही होती. आपल्या डोळ्यांचें पारणें फिटावें म्हणून कोणाच्या तरी घरची जमीन उचलून आणली आहे, असें वाटत होतें.

त्या फरसबंदीपाशीं आम्ही बराच वेळ उभे होतों. पायांचें दुखणें विसरलें होतें. शेवटीं पुन्हां पहिल्या लेखाकडे आलों, आणि तेव्हां ब्रुटियस दिसला. पैसा शतपतीचा, परंतु गुडघ्यांवर बसून ओल्या चुन्यांत एकेक खडा दाबला तो ब्रुटियसनें. आणि दात्याच्या शेजारींच त्याचें नांव राहूं देण्यांत गायानसला कमीपणा वाटला नाहीं. दाता, कारागीर, मेज देणारी, आणि जिनें काय दिलें तें लिहिलेलेंच नाहीं ती, अशीं सारीं एकाच जमिनीवर. अमुक रकमेच्या खालचीं नांवें गाळावीं, हें आमचेंच वाक्य आम्हांस आठवलें, आणि परक्या शहरांत, परक्या माणसांच्या गर्दींत, आम्हांस आमची लाज वाटली.

वसईच्या किल्ल्यांतील पडक्या देवालयांत ज्यांनीं फेरफटका मारला आहे, त्यांनीं जमिनींत बसविलेल्या कबरींच्या शिला पाहिल्या असतील. त्यांवर पोर्तुगीज सरदारांचीं नांवें, कोठें बिरुदें कोरलेलीं आहेत. त्याच भिंतींचे दगड ज्यांनीं घडविले, चुना ज्यांनीं मळला, पाणी ज्यांनीं वाहिलें, त्यांचीं नांवें शोधूं गेल्यास मिळत नाहींत. ते आपलेच पूर्वज असण्याचा संभव अधिक. देव त्यांस ओळखतो हें खरें. परंतु आपण त्यांस विसरावें, यास तें निमित्त होऊं शकत नाहीं.

घरीं परतल्यावर आम्हीं ती अर्धवट यादी समितीपुढें ठेवली व मेगिद्दोची हकीगत सांगितली. नंतर दोन महिने आम्ही वहीऐवजीं घरोघर हिंडलों. ओसरीवर बसून म्हाताऱ्या माणसांस विचारलें, आणि वहींत नसलेलीं नांवें एकामागून एक निघूं लागलीं. एकीनें हातांतल्या बांगड्या मोडून दिल्या होत्या. एक जण दिवसभर शेतावर राबून संध्याकाळीं विटा वाहण्यास येई. ज्या सुतारानें दरवाजे केले तो आपल्या धर्माचा नव्हता. त्यानें शेवटच्या आठवड्याची मजुरी घेतली नाहीं. एका म्हातारीचें नांव तर सर्वांच्या तोंडीं होतें, पण तिनें नेमकें काय केलें तें कोणासच सांगतां येईना. ती होती, एवढेंच सारे म्हणत.

पाटीवर आतां रकमा नाहींत. नांवें आहेत, तीं वर्णानुक्रमानें. आणि ज्यांचीं नांवें आम्हांस मिळालीं नाहींत त्यांच्यासाठीं शेवटीं एक ओळ मोकळी ठेवली आहे. सुतार आहे, बांगड्या देणारी आहे, ती म्हातारीही आहे. जुबिलीच्या दिवशीं देवालयांत शिरतांना वाचकांनीं त्या पाटीपाशीं क्षणभर थांबावें, एखादें अनोळखी नांव निवडून त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, आणि तसेंच आंत प्रभूच्या मेजाकडे जावें. मेगिद्दोच्या त्या लहानशा मंडळीनें अठराशें वर्षांपूर्वीं एवढेंच मागितलें होतें. आणि आपल्या मागून या देवालयांत येणाऱ्यांकडे आपणांसही याहून अधिक कांहीं मागावयाचें नाहीं.